न जळणाऱ्या लाकडांची शेकोटी : सोलापुरात गॅस फायरप्लेस घेणाऱ्यांसाठी

सोलापुरात फायरप्लेस म्हटल्यावर आधी हसू येतं. मलाही आलं होतं. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या गावात घरात जाळ कशाला हवा? मी घरांच्या आतल्या सजावटीची कामं करतो, बहुतेक होटगी रोड, जुळे सोलापूर, विजापूर रोड या पट्ट्यात. मोहोळकडे शेतघर बांधणाऱ्या एका वकीलसाहेबांनी ‘ते गॅसचं लाकूड’ बसवून मागितलं, तेव्हा मी त्यांना दोनदा गोड बोलून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ते कोनाड्याची मापं कागदावर लिहूनच आले. मग काय करणार.

डिसेंबरात हुरड्याच्या बेताला त्यांनी ते पहिल्यांदा पेटवलं. बाहेर शेतात आगटी होती, गोवऱ्यांचा आर होता, मळलेला हुरडा आणि शेंगाचटणी होती. जेवणं झाल्यावर सगळे आत आले आणि फायरप्लेससमोर बसले. वकीलसाहेबांच्या आई पाटावर, अगदी पुढे. बराच वेळ त्या ओंडक्यांकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, “हे लाकूड कवाधरनं जळालंय, राख कुठं पडालीय ओ?” मी म्हणालो, आजी, ते लाकूड नाहीच, मातीचं आहे. त्यांनी हात पुढे करून शेक घेतला, नाकाने हवा ओढली आणि निकाल दिला : “वास न्हाई याला.”

दहा मिनिटांत सगळ्यांनी खुर्च्या दोन-दोन फूट मागे सरकवल्या. उकडत होतं. पण उठून कुणी गेलं नाही, रात्री साडेबारापर्यंत.

त्या खुर्च्या मागे सरकल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थंड मुलुखातला माणूस यात ऊब विकत घेतो, जाळ त्याला वर मोफत मिळतो. आपण जाळ विकत घेतो आणि ऊब आपल्या गळ्यात पडते. पुढे जे जे सांगणार आहे ते सगळं या एका फरकावर उभं आहे. परदेशी माहितीपत्रकं वाचून सेट घेतलेल्यांची फसगत होते ती इथेच.

आधी वस्तू ओळखून घ्या

‘कृत्रिम लाकूड’ या नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे भुसा आणि मेण दाबून केलेला ओंडका. तो खरोखर जळतो, संपतो, राख होते. दुसरा आपल्या कामाचा : खऱ्या लाकडाचा साचा काढून ओतलेला, न जळणारा ओंडका. त्याच्याखाली गॅसचा बर्नर असतो, ज्वाळा त्याच्या फटींतून वर येतात आणि डोळ्याला लाकूडच पेटल्यासारखं वाटतं. लोक एक मागतात आणि दुसरं घरी येतं, म्हणून दुकानात ‘जळणारा की न जळणारा’ हे आधी विचारा.

न जळणारे ओंडके दोन प्रकारचे. भट्टीच्या विटांसारख्या उष्णतारोधक सिमेंटचे ओंडके जड असतात, काहींच्या पोटात लोखंडी सळीही असते. सालीच्या रेघा, गाठी, कोळशासारखी काळी पडलेली टोकं यात छान उतरतात. दुसरे सिरॅमिक फायबरचे. ते हलके असतात, पटकन लाल होऊन निखाऱ्यासारखे उजळतात, पण हातातून पडले की गेले. मी सिमेंटचे घ्यायला सांगतो. आपल्याकडे हा सेट वर्षातले दहा महिने उचलून ठेवायचा असतो आणि उचल-ठेव करताना फायबरचा कोपरा हमखास तुटतो. शिवाय फायबरच्या चुऱ्याची धूळ छातीला बरी नाही. या जातीच्या तंतूंना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या गटात ठेवलं आहे. तेव्हा तुटलेला ओंडका मुलांच्या हाती देऊ नका आणि झाडलोट मास्क लावून करा.

आता ज्वाळेचा रंग. स्वयंपाकघरात पिवळी ज्योत दिसली की आपण लगेच म्हणतो, जेट चोंदला, भांडी काळी होणार. निळी ज्योत म्हणजे गॅसमध्ये हवा नीट मिसळली आणि तो पूर्ण जळला. इथे उलटं आहे. लाकडासारखा जाळ दिसावा म्हणून बर्नर मुद्दाम पिवळा ठेवलेला असतो. तो पिवळा रंग म्हणजे ज्वाळेत तापून चमकणारे काजळीचे बारीक कण. म्हणजे हा देखणेपणा काजळीच्या जिवावर मिळतो, आणि म्हणूनच त्या काजळीला वर निघून जायला वाट लागते. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचे निम्मे नियम आपोआप समजतात.

लोक याच्या मागे का लागले

परदेशातली कारणं साधी आहेत. लाकूड आणा, फोडा, वाळवा, राख काढा, धुरांड्यात साठलेला डांबरासारखा थर खरवडून घ्या, नाहीतर तोच एक दिवस पेट घेतो. यातलं काहीही न करता बटण दाबून जाळ मिळत असेल तर कोण नको म्हणेल? त्यात कायदेही आले. १९५२ मध्ये लंडनला धुरक्याने दिवसेंदिवस कोंडलं, माणसं हजारोंनी मेली आणि १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. घरातल्या कोळशाच्या शेगड्यांवर धूरबंदी आल्यावर गॅसच्या शेगड्यांना जागा मिळाली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडी परिसरात २०१६ पासून नव्या इमारतींत लाकूड जाळणारी फायरप्लेस बांधायलाच मनाई आहे.

आपल्याकडे यातलं एकही कारण लागू नाही. इथलं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक, ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि जे सहा महिने तिथे राहून, समोरचा जाळ बघत चहा पिऊन आलेत. दुसरे शेतघरवाले आणि हॉटेलवाले, ज्यांना पाहुण्यांसाठी धुराशिवाय शेकोटी हवी. दोघांनाही फोटो हवा असतो. यात लाजण्यासारखं काही नाही. देवघरातली समईसुद्धा आपण उजेडासाठी लावत नाही.

पहिली पायरी : जागा

सोलापुरात ‘चिमणी’ हा शब्द जपून वापरावा लागतो. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यानंतर हा शब्द काढला की चहा थंड होईपर्यंत चर्चा चालते. पण घरात हे बसवायचं तर धुरांड्यापासूनच सुरुवात करावी लागते.

तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

खऱ्या धुरांड्याची फायरप्लेस बांधायची आणि तिच्यात गॅसचे ओंडके ठेवायचे, ही पहिली. जाळ सगळ्यात देखणा, पिवळा, उंच. उष्णतेचा मोठा भाग धुरांड्यातून वर निघून जातो. थंड देशात हा दोष मानतात, आपल्याला तो गुण आहे. वकीलसाहेबांकडे हेच आहे, आणि तरी खुर्च्या मागे सरकल्या. धुरांड्याच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण दहाव्या भागाइतकं ठेवा. तोंड ३ फूट बाय अडीच फूट असेल तर भोक पाऊण चौरस फूट. गवंडी हमखास लहान ठेवतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचा पाइप असतो. धुरांड्याच्या गळ्यात उघडझाप करणारी झडप बसवली असेल तर ती पूर्ण बंद होणार नाही अशी क्लॅम्प लावून अडकवून टाका. कुणीतरी धूळ येते म्हणून झडप लावेल आणि संध्याकाळी दुसरा कुणीतरी गॅस पेटवेल, हे होऊ शकतं.

दुसरी वाट बंद काचेच्या पेटीची. ती जळायला लागणारी हवा बाहेरून घेते आणि धूरही बाहेर सोडते, खोलीच्या हवेशी तिचा संबंध नाही. सुरक्षित, पण काच भयंकर तापते. अमेरिकेत २०१५ पासून अशा काचेपुढे जाळी देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, ते लहान मुलांचे तळवे भाजायला लागले म्हणून. पेटी घेतलीत तर जाळी काढून ठेवू नका, फोटोत आडवी आली तरी.

तिसरा प्रकार ‘विनाधुरांड्याचा’ म्हणून विकतात. फ्लॅटमध्येही चालतो, असं विक्रेता सांगेल. याला माझा स्पष्ट नकार आहे. यात ज्वाळा जास्त निळी आणि तापट असते आणि जळून जे तयार होतं ते सगळं खोलीतच राहतं. एक किलो एलपीजी जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. भिंतीचा कागद फुगतो, काचेवरून ओघळ येतात. पाण्याने माणूस मरत नाही, पण सोबत नायट्रोजनचे ऑक्साइड असतात आणि जळण बिघडलं तर कार्बन मोनॉक्साइड. या सेटमध्ये प्राणवायू मोजणारा एक पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, असतो. हवेतलं नेहमीचं २१ टक्क्यांचं प्रमाण साधारण १८ टक्क्यांवर आलं की तो गॅस तोडतो. चांगली गोष्ट आहे, पण तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. कॅलिफोर्नियात घरात असले सेट लावायला परवानगी नाही. आणि आपण ते कुठे लावणार? एसी चालावा म्हणून खिडक्यांच्या फटीसुद्धा रबराने बंद केलेल्या हॉलमध्ये. नकोच.

चौथी वाट उघड्यावरची : गच्ची, अंगण, शेतघराचा पडवीबाहेरचा कट्टा. खरं सांगायचं तर सोलापूरकराला मी हीच सुचवतो. धुरांड्याचा खर्च नाही, हवा मोकळी, आणि आपली शेकोटीची सवय मुळात बाहेरचीच. गोल किंवा लांबट कट्टा बांधायचा, मधे बर्नर, वर ओंडके. दोन गोष्टी मात्र विसरू नका. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून कट्ट्याच्या पोकळीला तळाशी, समोरासमोर दोन झरोके हवेतच. आणि ज्वाळेखाली शहाबादी किंवा कडप्पा फरशी लावू नका, तापली की तडकते. भट्टीची वीट लावा, चिनाईला तिचीच माती वापरा. शोभेसाठी नदीतले गोटे आणून टाकण्याचा मोह होतो. आत मुरलेलं पाणी तापून वाफ झालं की असा गोटा फटाक्यासारखा फुटतो.

फ्लॅटमध्ये राहता आणि तरीही हवंच आहे? मग गॅस सोडा. पाण्याची बारीक वाफ आणि दिव्यांचा खेळ करून जाळाचा भास करणाऱ्या विजेच्या फायरप्लेस मिळतात, हात लावला तरी भाजत नाही. फक्त त्यात बोअरचं जड पाणी घालू नका, क्षाराचा थर बसून वाफ बंद पडते. आरओचं घाला. रोज नळ न येणाऱ्या गावात जाळासाठी पाणी भरून ठेवायचं, हा विनोद तुमच्या पाहुण्यांना आवडेल.

दुसरी पायरी : आकड्यांचा हिशोब

माहितीपत्रकावर ‘६०,००० बीटीयू’ असं अभिमानाने छापलेलं असतं. बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं माप, इथे तासाचं. हा आकडा आपल्या ओळखीचाच आहे, फक्त उलट्या बाजूने. दीड टनी एसी तासाला १८,००० बीटीयू उष्णता खोलीबाहेर फेकतो. म्हणजे ६०,०००चा सेट विनाधुरांड्याने घरात चालवला तर तीन एसी एकत्र लावूनही ते हरतील. स्वयंपाकाच्या शेगडीच्या भाषेत बोलायचं तर आठ-नऊ बर्नर एकदम मोठ्या आचेवर.

गॅस किती जाईल ते तोंडी काढता येतं. बीटीयूच्या आकड्याला ४७,०००ने भागा, तासाला इतके किलो. ६०,०००चा सेट तासाला सव्वा किलोच्या वर खातो, म्हणजे १९ किलोची व्यावसायिक टाकी पंधरा तासांत रिकामी. २०,०००चा छोटा सेट तासाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास घेतो, तीच टाकी चाळीस-पंचेचाळीस तास पुरते. आजचा भाव घेऊन स्वतः गुणाकार करा आणि मगच आकार ठरवा.

१४.२ किलोची लाल टाकी लावू नका. ती घरगुती स्वयंपाकासाठी दिलेली असते, दुसऱ्या कामाला वापरणं नियमात बसत नाही. शिवाय मोठ्या बर्नरला एका टाकीचा वेग पुरतही नाही. गॅस भराभर ओढला की टाकी गार पडते, अंगावर दव धरते, कधी बर्फही, आणि ज्वाळा बसते. तेव्हा लोक टाकी हलवतात, आडवी करतात, कोमट पाण्यात ठेवतात. यातलं काहीही करू नका. दोन टाक्या जोडून घ्या किंवा बर्नर लहान घ्या. टाकी बाहेर, सावलीत, उभी, जमिनीच्या पातळीवर. तळघरात किंवा खड्ड्यात कधीच नाही.

मी तर सांगतो, सगळ्यात लहान बीटीयू आणि सगळ्यात देखणे ओंडके घ्या. विक्रेत्याला हे पटणार नाही, कारण त्याला शिकवलंय ते थंड देशातलं.

तिसरी पायरी : सेट निवडणं

कोनाड्याची चार मापं घ्या : पुढची रुंदी, मागची रुंदी, खोली, उंची. मागची रुंदी बहुधा कमी असते आणि सेट अडतो तो तिथेच. ओंडके ठेवल्यावर दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच मोकळे राहायला हवेत. भरगच्च दिसावं म्हणून मोठा सेट कोंबला की बाजूच्या भिंती काळ्या पडतात.

मग गॅसची जात. पाइपने येणारा नैसर्गिक वायू आणि टाकीतला एलपीजी यांचे जेट वेगळे. नैसर्गिक वायूच्या जेटचं भोक मोठं असतं, त्यातून एलपीजी सोडला की ज्वाळा बेताल मोठी होते आणि धूर ओकते. विजापूर रोडच्या एका गृहस्थांना भावाने ह्यूस्टनहून सेट आणून दिला होता, जड ओंडक्यांसाठी विमानाचं जादा वजन भरून. पेटीवर ‘एनजी’, म्हणजे नैसर्गिक वायू, लिहिलं होतं, कुणी वाचलं नाही. एका संध्याकाळी नवं पांढरं छत राखाडी झालं. जेट खरवडून किंवा ठोकून लहान करता येत नाही, कंपनीचाच एलपीजीचा भाग लागतो. दाबही जुळवून घ्या : आपला घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास गॅस सोडतो, सेटवर काय लिहिलंय ते फिटरला वाचायला लावा.

एलपीजीवर काडीने पेटवायचा साधा सेट घेऊ नका. सेफ्टी पायलट असलेलाच घ्या. पायलटच्या ज्योतीत धातूची एक बारीक काडी तापत असते, तिच्यातून अगदी थोडी वीज निघते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. वाऱ्याने ज्योत विझली की काडी गार होते, वीज थांबते, झडप पडते. यातल्याच थोड्या जास्त ताकदीच्या प्रकाराला बाहेरची वीज लागतच नाही. शेतावर वीज गेली तरी फायरप्लेस चालू राहते, आणि अंधारात तर ती आणखीच खुलते.

ओक, बर्च असल्या विलायती लाकडांचे नमुने मिळतात. बाभळीचा ओंडका ओतलेला मला अजून दिसलेला नाही. फोडलेल्या, पुढच्या बाजूने जळून काळ्या पडलेल्या लाकडांचा नमुना आपल्या डोळ्यांना खरा वाटतो. बर्चची पांढरी साल सोलापुरात नाटकातल्या नेपथ्यासारखी दिसते.

चौथी पायरी : बसवून घेणं

हे स्वतः करायचं काम नाही, आणि नळ बसवणाऱ्या प्लंबरचंही नाही. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात गॅसची लाइन टाकणारा फिटर शोधा. पक्की तांब्याची किंवा जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन, हाताला सहज येईल असा पण जाळापासून दूर असा कॉक, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून तपासणी. फेसाला बुडबुडा आला की काम परत. घरातली फायरप्लेस असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. त्या वायूला रंग नाही, वास नाही. एलपीजीला जो कुजकट वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला तसं कुणी काही मिसळलेलं नसतं.

पाचवी पायरी : ओंडक्यांची मांडणी

इथे घाई करू नका. सेटसोबत एक चित्र येतं. कोणता ओंडका मागे, कोणता पुढे, आडवा कुठे टेकवायचा, टेकायची खाच कुठे आहे. ते चित्र म्हणजे शोभा नाही. ज्वाळा ओंडक्यांच्या मधून जावी, ओंडक्यावर आपटू नये, असं ते मोजून केलेलं असतं. ज्वाळा थंड वस्तूवर आपटली की अर्धवट जळते आणि काजळी धरते. कढईचं बूड चुलीवर का काळं होतं, तेच इथे.

होटगी रोडच्या एका बंगल्यात मी स्वतः चित्र बघून सात ओंडके लावले, अर्धा तास जाळ बघितला, सगळं छान. पंधरा दिवसांनी फोन : “काळं पडलंय, या.” गेलो तर वरचा वाय आकाराचा ओंडका सरळ करून मधोमध आडवा ठेवलेला, बर्नरच्या डोक्यावर. घरातल्या मावशींना तो वाकडा दिसत होता. झाडताना त्यांनी नीट करून ठेवला, जसं त्या सोफ्यावरच्या उशा नीट करतात. त्यांची काही चूक नव्हती, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. वरच्या पांढऱ्या संगमरवरावर हाताच्या पंज्याएवढा काळा डाग होता. घासून बराचसा गेला, एक सावली राहिलीच. आता मी काम संपलं की मांडणीचा फोटो काढतो, छापून कोनाड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून देतो आणि घरातल्या झाडलोट करणाऱ्या माणसाला समोर बसवून दाखवतो. मालकाला नंतर.

ओंडक्यांखाली निखारे दिसावेत म्हणून दगडी लोकरीचे तुकडे देतात. ते नखाएवढे करून, विरळ पसरायचे. पुडा दिलाय म्हणून सगळा ओतला की बर्नरची भोकं गुदमरतात. पसरट ट्रेच्या बर्नरमध्ये एलपीजीसाठी व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखं फुगवलेलं हलकं खनिज) भरायचं असतं, वाळू नाही. गवंड्याच्या ढिगातली वाळू तर मुळीच नाही.

आणि याच्यावर हुरडा भाजू नका. कणसं, मक्याचं बुट्टं, पापड, काहीही नाही. दाणे आणि चुरा बर्नरमध्ये पडतो, भोकं बुजतात. ज्वारीला हवा असतो गोवऱ्यांचा दबका आर, तो या उघड्या ज्वाळेत नाहीच. मंगळवेढ्याच्या मालदांडीचा हुरडा याच्यावर जाळून वाया घालवलेला मी बघितलाय. आगटी बाहेर राहू द्या.

सहावी पायरी : पेटवणं

पहिल्या दिवशी पाहुणे बोलावू नका. नव्या ओंडक्यांतला रंग आणि बांधणीचा पदार्थ पहिले काही तास जळतो, वास येतो, डोळे चुरचुरतात. खिडक्या उघडून तीन-चार तास एकट्याने चालवून घ्या.

रोजचा क्रम असा ठेवा. आधी जमिनीजवळ वाकून वास घ्या, कारण जड गॅस तिथेच असतो. मग पायलट, तो स्थिर झाल्यावर मुख्य बर्नर. एकदा पेटला नाही तर कॉक बंद करून पाच मिनिटं थांबा, मगच दुसरा प्रयत्न. न थांबता खटखट करत राहणाऱ्यांच्या भुवया जातात. वास आलाच तर दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर पडा, टाकी बंद करा आणि १९०६ लावा. हा गॅसगळतीसाठीचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो.

पेटल्यावर तासभर वरच्या भिंतीकडे आणि ओंडक्यांच्या पुढच्या बाजूला लक्ष द्या. काळा ठिपका दिसला की बंद करून मांडणी तपासा. घराबाहेर जाताना, झोपताना बंद. खरी शेकोटी माणसं उठून गेली की हळूहळू विझते, ही विझत नाही.

आणि उरलेले दहा महिने

सोलापुरात या वस्तूचा शत्रू थंडी नाही, धूळ आणि कोळी आहेत. संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संपला, होम मैदानावरचे पाळणे उतरले की आपली शेकोटीही संपते. मग फेब्रुवारी ते नोव्हेंबर बर्नर पडून राहतो. पायलटच्या सुईएवढ्या भोकात कोळी जाळं करतो, गांधीलमाशी चिखलाचं घर करते. पुढच्या डिसेंबरात पायलट पेटत नाही किंवा आळशासारखा पिवळा पेटतो, आणि लोक म्हणतात मशीन खराब निघालं. शंभरातल्या नव्वद तक्रारी, असं आकडा फेकून म्हणत नाही, पण मला येणारे बहुतेक फोन याचेच असतात.

बंद करताना टाकीचा कॉक, लाइनचा कॉक, दोन्ही बंद. ओंडके गार झाल्यावर मऊ ब्रशने झाडायचे, पाण्याने धुवायचे नाहीत. फोटोप्रमाणे क्रमांक टाकून जुन्या चादरीत एकेक गुंडाळायचे. घरात एखादी विटलेली सोलापुरी चादर असतेच, तिच्याइतकं जाड दुसरं काही मिळणार नाही. पायलट आणि बर्नरवर स्वच्छ सुती कापड बांधा, प्लास्टिक नको, आत ओल धरते. बाहेरचा कट्टा असेल तर पावसाआधी झाकण आणि तळाला पाणी जायला भोक आहे ना, एवढं बघा. दिवाळीनंतर फिटरला एकदा बोलावून पायलट फुंकून घ्यायचा, साबणाचा फेस पुन्हा लावायचा, मगच पेटवायचं.

वकीलसाहेबांच्या आईंनी त्या रिकाम्या कोनाड्याचा वेगळाच उपयोग काढला. मार्चपासून तिथे माठ असतो, खाली वाळूचं आळं, वर ओलं फडकं. धुरांड्यातून वारा खेळतो म्हणून पाणी गारही चांगलं होतं. मी एवढंच सुचवलं की आळ्याचं पाणी बर्नरकडे ओघळू नये म्हणून माठाखाली परात ठेवा, आणि लाइनच्या कॉकची मूठ काढून वकीलसाहेबांच्या कपाटात ठेवून द्या. नातवंडं मे महिन्यात येतात.